मागे कोण बसतं?

नाना पेठेत शनिवारी
शटर वर जायच्या आधीच जाऊन उभा राहिलो.
खिशात यादी, वृंदाच्या अक्षरात,
कारण माझं अक्षर मुफद्दलशेठना लागत नाही.
चेन-स्प्रॉकेट, पुढचे ब्रेकपॅड,
फोर्कचे ऑइल सील, कूलंट दोन लिटर,
आणि तळाशी, दोनदा अधोरेखित:
टायर, नीट बघून.

शेठनी पॅडची दोन पाकिटं काचेवर ठेवली.
"हे कंपनीचे. हे निम्म्यात,
तुमच्या गाडीचे नाहीत, पण बसतात."
मग चष्म्यावरून बघत आपणच म्हणाले,
"बसणं वेगळं, थांबणं वेगळं."
मी थांबणारे घेतले.

स्प्रॉकेटपाशी अडलो.
पुढचा एक दात कमी केला तर गाडी सिग्नलला उसळते,
आहेत तेवढे ठेवले तर सातारा रस्त्याला
पाचव्या-सहाव्या गिअरमध्ये गुणगुणत राहते.
पंचविशीत असतो तर हा प्रश्नच नव्हता.
"आहेत तेवढेच द्या," म्हणालो,
आणि शेजारच्या पोराने, कानात तीन बाळ्या,
माझ्याकडे आजारी माणसाकडे बघावं तसं पाहिलं.

टायर नीट बघून.
पहिला नुसता चकाकत होता.
मोबाइलचा उजेड पाडून त्याच्या कुशीवर आकडे शोधले:
४१२१.
एकवीस सालचा एकेचाळिसावा आठवडा.
म्हणजे ऐन दसरा.
आम्ही इथे हँडलला झेंडू बांधत होतो
तेव्हा कुठल्या तरी परमुलखात
हा गरम साच्यातून बाहेर पडला,
आणि तेव्हापासून एक खड्डा न बघता
गोदामात उभ्याउभ्या कडक होत गेला.
"कव्हरात होता हो, ऊन लागलं नाही त्याला," शेठ म्हणाले.
ऊन न लागताही वय होतं.
दुसरा काढायला लावला. दहा आठवड्यांचा. बाराशे जास्त.

दुपारी धायरीत, गव्हाण्याच्या पत्र्याखाली,
मागचं चाक उतरलं.
तो काही बोलला नाही.
जुन्या टायरच्या मधोमध पाना आडवा ठेवला फक्त.
पाना डुगडुगला नाही,
पाटावर ठेवावा तसा बसला.
"हिंजवडी?"
"रोज. वारज्यातून."
"आणि घेतली होती ताम्हिणीसाठी."
कडांना दोन-दोन बोटं रबर कोरं,
त्यावर ते केसांसारखे बारीक काटेसुद्धा शाबूत.
"मधे टणक असतं साहेब, सरळ रस्त्याला.
वळणासाठी कडेला मऊ देतात.
तुमचं मऊ सगळं तसंच राहिलं."
हसला. मीही हसलो, उशिरा.

मग हवा किती भरायची म्हणून विचारलं,
"मागे कोण बसतं?"

हरिहरेश्वरहून परतताना माणगावच्या पुढे
ती एकदाच म्हणाली होती, जरा थांबव.
नंतर एमआरआय, नंतर कमरेचा पट्टा,
नंतर डॉक्टरांचं ते सौम्य आवाजातलं कधीच नाही.
दोन वर्षं झाली.
"कोणी नाही," म्हणालो.

"मग ही स्प्रिंग अजून दोघांची कशी?
तरीच तुम्ही पाठ चोळताय मघापासून."
त्याने वाकून गोल खटका धरला.
कट्.
कट्.
मी बाहेर बघत मोजत होतो,
रस्त्यापलीकडे कोणी तरी नारळ सोलत होतं.
कट्.
"राहू दे आता."
"अजून चार जातील. एकट्याला कडक लागेल."
"लागू दे."
त्याने हात पुसले आणि बजावलं,
नवं रबर घसरतं, पहिले शंभर किलोमीटर जपून.

संध्याकाळी वृंदा खाली आली, पट्टा बांधून.
भिंतीला धरून हळूहळू वाकली,
टायरवरचे चार आकडे मोठ्याने वाचले,
यादीवर शेवटची खूण केली.
मग उठताना आधारासाठी हात
मागच्या सीटवर टेकला,
आणि तिथेच थोडा वेळ ठेवला,
पुन्हा एकदा दाबून बघितलं.

"पूर्ण सैल नाही केलंस," म्हणाली.
"यादीत हे नव्हतं."